व्हिएतनाम क्लबचा कच्चा लाल

रविवारी सकाळी भट्टी पेटवण्याचं काम माझं होतं. आदल्या दिवशीची राख ओढून परातीत काढायची, जळण उभं-आडवं रचायचं, खाली लाकडाच्या भुश्शाची मूठ टाकायची, आणि जाळ धरला की आडाच्या पाण्याने कढई भरायची. नळाच्या पाण्यात रंग नीट बसत नाही असं अण्णांचं मत होतं, आणि रंगाच्या बाबतीत त्यांच्या मताविरुद्ध आमच्या घरात कुणी जात नसे. त्या रविवारीही मी सगळं त्याच क्रमाने केलं. माझा धाकटा भाऊ दिगू परड्याच्या भिंतीवर चेंडू मारत होता. थड, थड, एका लयीत. पाण्याला वाफ धरली तेव्हा अण्णा उजवा पाय ओढत आले, कढईत करंगळी बुडवून पाहिली आणि म्हणाले, "मीठ."

मी मीठ दिलं. मग सोडा दिला. लाल रंगाचा डबा मात्र त्यांनी स्वतः उघडला, तळाची पूड पाण्यात उलटी केली आणि डब्याच्या बुडावर दोन थापा मारल्या.

"संपला."

"आज रंगाचं दुकान बंद असतं, अण्णा."

"आजच्यापुरता झाला की. उद्याचं उद्या."

मग जर्स्या. पांढऱ्या सुती कापडाच्या, आधीच्या सामन्यांच्या घामाने आणि धुण्याने गुलाबी पडलेल्या, पाठीवर काळ्या ऑइलपेंटने काढलेले आकडे. अण्णा एकेक जर्सी दोन्ही हातांनी पाण्यावर अंथरत आणि काठीने हलकेच खाली दाबत. साड्या, धोतरं, पलंगपोस मी रंगवले तरी चालत. जर्स्या त्यांच्याच हातच्या. नऊ नंबरची जर्सी त्यांनी इतरांपेक्षा जास्त वेळ दाबून धरली.

रंगाऱ्याच्या क्लबचा रंग दर महिन्याला उडतो, यावरून अख्खं शहर आम्हाला हसे. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, "अण्णा, पक्का रंग का देत नाही?" त्यांनी सांगितलं होतं, "पक्का दिला की पोरं इसरत्यात कुठला रंग अंगावर हाय ते. दर वेळी नव्यानं चढवायला लागला पायजे." म्हणून रणझुंजार तालमीशी सामना असला की त्या दिवशी सकाळी जर्स्या कढईत जात, दुपारपर्यंत गल्लीभर बांधलेल्या दोरीवर वाळत, आणि तीन वाजता खेळाडू आमच्या अंगणात जमून चहा पीत आणि अण्णांच्या हातून जर्सी घेत. ज्याला त्यांनी जर्सी दिली तो खेळणार. अकरा वर्षांत ही रीत मोडली नव्हती.

कोल्हापुरात माणसाला आडनावाआधी पेठ विचारतात आणि पेठेआधी तालीम. आमची पिंजार गल्ली रणझुंजार तालमीच्या हद्दीत येई. गल्लीत रंगारी, पिंजारी, हमाल, बुरूड. आमच्या पोरांनी तालमीच्या संघाचे बूट वाहायचे, मध्यंतराला लिंबं चिरून द्यायची. मैदानात उतरायचं ते मोठ्या घरच्या मुलांनी. अण्णा त्या दिवसांत लाल बावट्याच्या मोर्च्यांना जात. वर्तमानपत्रातला एक फोटो कापून त्यांनी आरशाशेजारी चिकटवला होता: गुडघाभर चिखलात उभी असलेली बुटकी, सडपातळ माणसं आणि त्यांच्या खांद्यावरच्या बंदुका. "ही बघ," ते म्हणत, "आपल्यागत भात आन् मीठ खाणारी. जगातल्या सगळ्यात मोठ्या तालमीला नडल्यात." त्या वर्षी, म्हणजे अडुसष्ट साली, गल्लीची पोरं घेऊन ते तालमीतून बाहेर पडले आणि त्यांनी व्हिएतनाम फुटबॉल क्लब काढला. गल्लीत त्याला 'व्हेतनाम' म्हणत. तालीमवाले आम्हाला 'भातखाऊ' म्हणत.

पहिल्याच वर्षी भातखाऊंनी तालमीला एका गोलने हरवलं. त्या संध्याकाळी आमच्या मिरवणुकीवर दगड आले. पुढच्या वर्षी आमचे दगड त्यांच्यावर गेले. हळूहळू दोन संघांची गाठ पडली की फाटकाशी पोलिसांची गाडी उभी राहू लागली, आणि पहिला दगड कुणी मारला होता हे विचारायचं सगळ्यांचं राहून गेलं.

आज या नावाचा क्लब नाही. शहराच्या फुटबॉलविषयी कुणी लिहितं तेव्हा आमच्या वाट्याला एक ओळ येते: शेवटच्या सामन्यात संघ मैदानात उतरला नाही. ओळ खरी आहे.

"काय कामरेड, शिजलं का रगत?"

बंडातात्या परड्यात आले. तात्या क्लबचे व्यवस्थापक, अण्णांचे बालमित्र, आणि गल्लीतला सर्वांत मोठा आवाज. आत आल्या आल्या त्यांनी भिंतीशी ठेवलेलं लाकडी स्टूल उचललं आणि अण्णांच्या मागे ठेवलं. अण्णा मागे न बघताच त्यावर टेकले. ही रोजची रीत होती. अण्णांना पायरी चढायची असली की तात्यांचा हात पुढे येई. अण्णा बसल्याशिवाय तात्या कधी बसत नसत. मित्र असावा तर असा, असं गल्लीतल्या बायका म्हणत.

"दिगूऽ, हिकडं ये. नवरदेवाची पायताणं आल्यात."

त्यांनी काखेतलं वर्तमानपत्राचं पुडकं सोडलं. आत दिगूचे बूट होते. त्या काळी बुटांच्या तळाला कातड्याचे थर देऊन, खिळे ठोकून गुट्ट्या बसवलेल्या असत. या गुट्ट्यांचा वरचा थर सोलून काढला होता आणि खिळ्यांची टोकं कानशीने घासून बाहेर आणली होती.

"मोची म्हणतंय, तात्या, एवढं कातडं कशाला काढायचं? म्हटलं, पावणा येणार हाय. पावण्याच्या पायावर कुंकू लावायचं हाय." तात्या स्वतःच्याच बोलण्यावर हसले. मग त्यांनी दिगूच्या मानेवर हात ठेवला. "ऐक. पहिल्या धा मिन्टात. सर्जा डावीकडनं आत शिरतो, ठावं हाय तुला. शिरला की बॉलकडं बघायचं न्हाई. उजवा गुडघा धरायचा."

"आन् रेफ्रीनं मला भायेर काढलं तर?"

"काढू दे की. सर्जाबिगर रणझुंजार म्हंजे चाकाबिगर गाडी. धा जणांत खेळू. पण ध्यानात ठेवा रं, काय बी झालं तरी मैदान सोडायचं न्हाई. मागं रेफ्रीवर रुसून उतरलो न्हाई, ते एक झालं. आता दुसऱ्यांदा उतरलो न्हाई तर नाव खोडत्यात."

"कोण न्हाई उतरत?" अण्णा काठी फिरवत म्हणाले. "मेलो तरी उतरू."

"मेल्यावर बी जर्सी घालून या म्हणजे झालं. यंदा नोंदलेल्या रंगाबिगर फाटकातनं आत घेत न्हाईत. परवा त्या उपनगरवाल्यांना तसंच माघारी धाडलं." मागच्या वर्षी दंगलीत साध्या सदऱ्यातली माणसं खेळाडू म्हणून आत घुसली होती, तेव्हापासूनचा हा नियम.

मी हातातली घागर खाली ठेवली. "अण्णा, तात्या काय बोलताहेत ते ऐकताय ना तुम्ही?"

"रत्ने, जाळ कमी कर. उतू जाईल."

"सर्जाचा गुडघा मोडायचा म्हणताहेत ते. आपल्या दिगूने."

"कालेजात जातीस तर कालेजातलं बोल," तात्या म्हणाले. "पोरीबाळींनी सामन्यादिवशी त्वांड उघडलं की गोल बसतो."

दिगू बूट हातात घेऊन एका खिळ्यावर अंगठा दाबून पाहत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

सर्जेराव इंगवले समोरच्या घरातला. त्याच्या वडिलांना तो चेहऱ्याने ओळखतही नव्हता. आई, गोदाक्का, भाजी विकत असे. ती बाजारातून येईपर्यंत तो आमच्याकडे जेवे आणि अण्णांबरोबर याच परड्यात भिंतीवर चेंडू मारे. डाव्या पायाने चेंडू आत वळवायला अण्णांनी त्याला इथेच शिकवलं. आठ वर्षं नऊ नंबरची जर्सी त्याची होती. गेल्या जूनमध्ये तालमीच्या अध्यक्षांनी त्याला आपल्या सूतगिरणीत चिकटवलं आणि सर्जाने तालमीच्या बाजूने नाव नोंदवलं. अण्णांनी शिवी दिली नाही, भांडण केलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी नऊ नंबर दिगूच्या हातात दिला एवढंच. त्यानंतर सर्जाचं नाव आमच्या घरात कुणी घेतलं नव्हतं.

तो त्या सकाळी आला. सामन्याच्या दिवशी आईच्या पाया पडायला तो गल्लीत येई आणि प्रत्येक वेळी गल्ली त्याची वाट बघत असे. कोपऱ्यावर शिट्टी वाजली. कुणी तरी ओरडलं, "आलं बगा तालमीचं कारकून! किती रुपये किलो, सर्जा?" दुसरा म्हणाला, "गोदाक्का, दार लाव गं, भूत आलंय!" तो मान खाली न घालता चालत राहिला, आईच्या घरी गेला, बाहेर आला, आणि परत जायचं सोडून आमच्या परड्यात शिरला. अंगात रणझुंजारची पांढरी जर्सी, खाली पांढरी पँट.

"अण्णा, पाया पडतो."

अण्णांचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल होते. त्यांनी काठी थांबवली नाही. "वाकू नको. रंग सांडलाय. पांढऱ्या कपड्यांस्नी डाग लागंल."

"लागला तर लागू दे. ह्येच्या आधी काय थोडा लागला?"

"लागंल," अण्णा म्हणाले. "चार वाजता लागंल."

तात्या खो खो हसले. सर्जाने आधी तात्यांकडे पाहिलं, मग दिगूच्या हातातल्या बुटांकडे. दिगूने बूट पाठीमागे नेले, पण उशीर झाला होता.

"दिगू, डावा पाय सुधारला का रं?"

"बघशील की."

"बघतो." तो वळला.

मी घागर उचलली आणि त्याच्यामागे आडावर गेले. गल्लीतली माणसं बघत होती, म्हणून मी दोर सोडत, पाण्याकडे बघत बोलले.

"सर्जा, आज खेळू नकोस. पोट दुखतंय म्हणून सांग. काहीही सांग."

"आक्का, रविवारी पोट दुखलं तर सोमवारी गिरणीत खुर्ची ऱ्हात न्हाई. मला काय हिशेब येतो म्हणून घेतलंय व्हय त्यांनी?"

"दिगूचे बूट पाहिलेस ना?"

"बघितलं." तो थोडा हसला. "कुणी तरी येणार हे ठावं होतंच. दिगू असला तर बरं. लहानपणापास्नं डोळं मिटून अंगावर येतोय त्यो. मी चुकवीन."

"आणि नाही चुकवता आलं तर?"

"तर काय, अण्णांसारखा मी बी रंगारी व्हईन." त्याने माझ्या हातून दोर घेतला, घागर वर ओढली आणि काठावर ठेवली. तो बोलत होता हलकं, पण त्याचा दुसरा हात सगळा वेळ उजव्या गुडघ्यावर होता, जसं आपण भीती वाटणाऱ्या लेकराच्या डोक्यावर ठेवतो. "आक्का, पळालो म्हणतील गं. ह्या गल्लीनं गद्दार म्हटलं, सोसलं. तिकडनं भित्रा ऐकलं की मग जायचं कुठं?"

कोपऱ्यावरून कुणी तरी भिरकावलेला टोमॅटो त्याच्या पाठीवर फुटला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. जाताना पांढऱ्या जर्सीवर तो डाग दूरपर्यंत दिसत होता.

दुपारी दिगू जेवला नाही. ताटावर बसला, भाकरी मोडली, आमटीत बुडवली आणि तशीच ठेवली. मी समोर बसले.

"बूट दे मला."

"घे की. तात्याकडं दुसरा जोड हाय."

"मग तू जाऊच नकोस. मी बाहेरून कडी लावते."

"आन् माझ्या जागी भीम्या जाईल. भीम्या गुडघ्यावर थांबायचा न्हाई, आक्का." त्याच्या बोलण्यात गुर्मी नव्हती. एकोणीस वर्षांच्या मुलाने सगळ्या वाटा आधीच चालून पाहिल्या होत्या. "मी न्हाई केलं तर उद्या गल्लीत काय म्हणतील? नरूअण्णाचा पोरगा बायला निघाला. अण्णा कुणाकडं बघून चालतील?"

"सर्जाने तुला सायकल शिकवली, दिगू."

"ठावं हाय."

"मग?"

तो अगदी हळू, जणू शाळेतली एखादी शंका विचारतोय अशा स्वरात, म्हणाला, "आक्का, मोडताना आवाज येतो का गं?"

मी उठले आणि आतल्या खोलीत गेले.

अण्णा चटईवर पाय पसरून उजव्या गुडघ्याला तेल चोळत होते. तो गुडघा मी जन्मापासून पाहत आले होते: वाटी बाजूला सरकलेली, खाली बोटभर खोल खाच. मी जन्मायच्या आधी अण्णा आडावर घसरून पडले, असं आई सांगे. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. तिने याहून जास्त कधी सांगितलं नव्हतं.

"अण्णा, तुमचा पाय असा आहे. अधू पायाने जन्म काढणं काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. निदान म्हणून तरी सर्जाला..."

"म्हणूनच."

"म्हणजे?"

त्यांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली. "आडावर घसरलो न्हाई मी." बाहेर दोरीवर जर्स्या फडफडत होत्या; तो आवाज सोडला तर घर शांत होतं. "तालमीच्या सरावात तेवढं आमास्नी खेळू देत; तिथं बघून मिरजेच्या एका संघानं मला बोलिवलं हुतं. नोकरी, वर खोली. तुझ्या आईशी लगीन ठरलेलं. तालमीत कुणाला बोललो नव्हतो, तरी कळलंच. सकाळी सरावाला गेलो तर चौघं उभी हुती. आपलीच. तिघांनी त्वांड फिरवलं."

"आणि चौथ्याने?"

"चौथ्याला सांगितलं हुतं त्यानं करायचं म्हणून. त्यानं केलं." अण्णा दाराबाहेर, अंगणाच्या दिशेने पाहत होते. "मग त्योच मला खांद्यावर घालून दवाखान्यात घेऊन गेला. वाटंभर लेकरागत रडत हुता. आजवर माझ्याआधी कधी बसला न्हाई त्यो."

भिंतीशी स्टूल होतं. सकाळी तात्यांनी आणून ठेवलेलं, जाताना परत जागेवर लावलेलं.

"आणि तुम्ही त्यांच्याबरोबर रोज चहा पिता."

"न पिऊन? त्याला सांगितलेलं त्यानं केलं. त्याच्या जागी मी असतो तर मी बी केलं असतं. पेठेचा कायदाच हाय त्यो."

"पण तालमीचा हाच कायदा नको म्हणून तुम्ही क्लब काढलात ना?"

"तालमीनं आमची पोरं खेळवली न्हाईत म्हणून काढला." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "कायद्याचं कोण बोललं? कायदा न पाळता काय क्लब चालतो? आज सर्जा गेला. त्याला सोडला तर पुढल्या साली भीम्या जाईल, त्याच्या पुढल्या साली तुझा दिगू जाईल. मग दोरीवर काय वाळत घालू, धोतरं? सर्जाला ठावं हुतं. माझा पाय बघत वाढलाय त्यो. ठावं असून गेला."

"त्याला खरं माहीत नव्हतं, अण्णा. तोही आडावर घसरलात असंच समजतो."

त्यांनी तेलाचा हात धोतराला पुसला आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. "तीनला उठीव मला. जर्स्या वाटायच्या हाईत."

आरशाशेजारच्या फोटोतली माणसं गुडघाभर चिखलात उभी होती. ऊन आणि वाफ खाऊन कागद पिवळा पडला होता. बंदुका कुठल्या आणि माणसं कुठली, हे आता कळत नव्हतं.

मी बाहेर आले. ओसरीवर दिगू बूट उशाशी घेऊन, डोळे उघडे ठेवून पडला होता. दुपारची गल्ली सामसूम होती. सामन्याआधी सगळे पोटभर जेवून झोपत; तीही एक रीतच होती. दूर, तालमीच्या बाजूला, हलगी वाजवायला सुरुवात झाली होती.

मी अंगणात उभी राहून दिगूकडे पाहिलं. मग भिंतीशी असलेल्या त्या स्टुलाकडे पाहिलं. वीस वर्षांनी कुठल्या तरी परड्यात, अधू पायाच्या कुणा माणसामागे दिगू स्टूल सरकवतो आहे, आणि गल्लीतल्या बायका म्हणताहेत, मित्र असावा तर असा. एवढंच मला दिसलं.

दोरीवरच्या जर्स्या उन्हाने कडक झाल्या होत्या. मी त्या एका टोकापासून काढायला घेतल्या. चिमटे परकराच्या ओच्यात टाकले. सगळ्या जर्स्या हातावर घेऊन परड्यात गेले आणि दार लोटून घेतलं.

कढईत सकाळचं लाल पाणी अजून कोमट होतं. भट्टीत राखेखाली विस्तव होता. त्यावर चार लाकडं घातली आणि फुंकणीने जाळ केला. जुन्या साड्या नव्या रंगात घालायच्या आधी त्यांचा मूळ रंग काढावा लागतो. त्यासाठी कास्टिक आणि एक पांढरी पूड आमच्याकडे कायम असे. तिला आम्ही हायड्रो म्हणत असू. ते काम माझंच होतं. पक्क्या रंगाशी झगडावं लागतं, दोनदा तीनदा उकळावं लागतं. कच्च्याला ते लागत नाही.

पाणी कढत झालं तेव्हा मी जर्स्या आत सोडल्या. मग कास्टिक. मग हायड्रोचा डबा उघडला आणि पूड हाताने नाही, वाटीने, पाण्यावर सगळीकडे सारखी पसरली. घरभर तो गंधकासारखा उग्र वास गेला असेल. पण त्या वासाला आमचं घर सरावलेलं होतं. कुणी उठलं नाही.

पाणी आधी विटकरी झालं. मग चहासारखं. काठीने वर-खाली करत राहिले तसं ते निवळत गेलं आणि शेवटी भाताच्या पेजेसारखं फिकट पिवळट उरलं. जर्स्या वर आल्या तेव्हा त्यांच्यावर काळे आकडे तेवढे होते.

नऊ नंबरने रंग सोडला नव्हता. सकाळी जास्त वेळ बुडवलेला; खांद्यांवर आणि छातीवर गुलाबी धरून होता. मी ती जर्सी वेगळी काढली, उरलेली पूड तिच्यावर घातली आणि पुन्हा आत दाबली. काठीने दाबून धरली, अण्णांनी धरली होती तशीच.

दोन पाण्यांतून सगळ्या खळबळल्या, पिळल्या, झटकल्या. परड्याचं दार उघडलं. गल्लीत अजून कुणी नव्हतं. एकपासून सुरुवात करून आकड्यांच्या क्रमाने मी त्या दोरीवर घातल्या, प्रत्येकीला दोन चिमटे, बाह्या सरळ, वाऱ्याने दुमडू नयेत अशा. उन्हात त्या डोळ्यांना खुपण्याइतक्या पांढऱ्या दिसत होत्या. तालमीचाही रंग पांढराच होता. नऊ नंबर सगळ्यांत शेवटी घातला. तो आता इतरांसारखाच होता.

मग कढई कलती करून पाणी गटारात सोडलं, विस्तवावर राख ओढली आणि लाल रंगाचा रिकामा डबा फडताळात जागेवर ठेवला.

तीन वाजायला आले होते. भिंतीशी असलेलं स्टूल मी उचललं, अंगणात आणलं आणि दोरीसमोर, जिथून सगळे आकडे दिसत होते तिथे ठेवलं. तात्यांच्या आधी. मग आत जाऊन अण्णांच्या पायाला हात लावून त्यांना उठवलं, आणि तेरा माणसांच्या चहाचं आधण ठेवलं.